सवयी, असल्यास

माझ्या नणंदबाईंइतकं स्वतःला पूर्ण ओळखणारं माणूस आमच्या गावात, आणि गाव कमी पडत असेल तर अख्ख्या वसई तालुक्यात, दुसरं झालेलं नाही. हे मत माझं नाही, त्यांचंच आहे. पण पन्नास वर्षांत मी ते इतक्या वेळा ऐकलं आहे, की कोणी विचारलं तर आता माझ्याही तोंडून तेच येतं. वय अठ्ठ्याहत्तर, लग्न केलं नाही, चौतीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलं, आणि निवृत्त झाल्यापासून आमच्याच वाडीतल्या जुन्या दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहतात. त्यांच्या दारापासून माझ्या दारापर्यंत एक जास्वंदीचं कुंपण, चार केळी आणि विहिरीची मोटार एवढंच अंतर आहे. घरात सगळे त्यांना बाय म्हणतात, म्हणून मीही म्हणते. आम्ही घरी बोलतो ती आमची गावची बोली, पण बाय रागावल्या की शाळेच्या मराठीत येतात. त्यामुळे इथे त्यांचं जे बोलणं येईल ते सगळं शाळेच्या मराठीतलं आहे, आणि मला ते लिहायला सोपं गेलं.

बायना जगातल्या प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण द्यायचे असतात. फादरांचं रविवारचं प्रवचन संपलं की देवळाच्या पायरीवरच निकाल लागतो. "पाच. मुद्दा चांगला होता, पण त्याला तीन वेळा गाठ मारली." लग्नाच्या पत्रिकेला, शेजारच्या नव्या सुनेच्या चालण्याला, पावट्याच्या शेंगेला, सगळ्यांना गुण. आमच्याकडे पाटी घेऊन येणारी कोळीण वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखाली परीक्षेला बसते आहे. बाय पापलेटाचा कल्ला उचलून बघतात आणि म्हणतात, "चार." ती म्हणते, "अवो बाय, सकालचा मावरा हाय, नुसतं बरफाचं पानी सुटलंय." मग बाय पुन्हा बघतात, पुन्हा चारच देतात आणि तोच पापलेट घेतात. एकदा तिने विचारलं, "मंग मना किती देता?" बाय म्हणाल्या, "तुला आठ. दोन गुण शपथ घेतेस म्हणून कापले." त्या कोळिणीने पाटी तिथेच ठेवली आणि आधी माझ्याकडे येऊन ही बातमी दिली.

पण त्यांचा खरा अभिमान वेगळाच होता. त्यांना एकही सवय नाही, असं त्यांचं म्हणणं. "सवय म्हणजे डोक्याने घेतलेली रजा," त्या म्हणायच्या. "मी चौतीस वर्षांत किरकोळ रजासुद्धा पूर्ण घेतली नाही." माझ्या नवऱ्याला, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाला, त्याचीच उशी लागायची, त्याचाच पेला लागायचा, आणि त्याबद्दल बाय त्याला आयुष्यभर हसल्या. एकदा आम्ही तिघं यात्रेला गेलो होतो, तिथे उशीवरून काहीतरी बोलणं झालं, आणि आपल्याला कुठेही झोप येते हे दाखवायला या बाई सबंध दुपार धर्मशाळेच्या बाकड्यावर झोपून राहिल्या. डोळे मिटलेले होते एवढं मी सांगू शकते. पुढचे चार दिवस मान डावीकडे वळत नव्हती, तर म्हणाल्या, उजवीकडेच बघण्यासारखं जास्त आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा बावीस वर्षांची होते. वांद्र्याहून आले होते, टायपिंगच्या दोन परीक्षा पास, आणि आपल्याला माणसं वाचता येतात अशी ठाम समजूत. केस असे बांधायची की जणू कोणीतरी दर मिनिटाला फोटो काढणार आहे. अशा त्या दीडशहाण्या मुलीला बाय रोज सकाळी एक चूक दाखवत. कपडे उलटे वाळत घातलेस, पायलीभर तांदूळ निवडलेस आणि खडा तेवढा ठेवलास, असं काहीतरी. मी एक वही केली. नणंद कधी, कुठे, काय बोलली ते तारीखवार लिहायचं, आणि पुरावा जमला की नवऱ्यासमोर ठेवायचा. तीन आठवडे लिहिलं. समास आखून लिहिलं. नवऱ्याने पायरीवर बसून सगळी वही वाचली, परत दिली आणि म्हणाला, "एवढं तर ती माझ्याशीही बोलत नाही." मला तो घोर अपमान वाटला. मी बावखलाच्या काठी जाऊन रडले. आमच्याकडे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला बावखल म्हणतात, आणि नव्या सुनांनी रडायची ती ठरलेली जागा होती. तिथून परत आले तेव्हा बाय कुंपणाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "पदर ओला केलास. रडायचं तर रुमाल न्यावा." तेही मी वहीत लिहिलं. माणसं वाचता येणाऱ्या मुलीची अक्कल ही एवढी होती.

आता नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा-सून दिवसभर कामावर, नात सातिवलीच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम बघते. दिवसा वाडीत माणसं म्हणायची तर आम्ही दोघी, कुंपणाच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक.

गेल्या वर्षी बायच्या डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि डॉक्टरांनी काही दिवस लिहायला-वाचायला मनाई केली. बाय रोज डायरी लिहिणाऱ्या. त्यांचा जीव कासावीस झाला. तेव्हा नातीने त्यांच्या फोनमध्ये तो हुशार मदतनीस घालून दिला, ज्याच्याशी मराठीत बोललं की तो मराठीत उत्तर देतो. "आत्याआजी, तुम्ही फक्त बोला, तो सगळं लक्षात ठेवतो, एकदम भारी आहे," नात म्हणाली. बायनी त्याला पहिल्याच दिवशी सतराचा पाढा विचारला. त्याने बिनचूक म्हटला. "सात," बाय म्हणाल्या. "तीन कापले, कारण अक्षर कसं आहे ते दिसत नाही." पण मनातून तो त्यांना आवडला. वर्गात पहिल्या बाकावर बसून सगळं उतरवून घेणारा विद्यार्थी कुठल्या बाईंना आवडत नाही. जुन्या पडद्याच्या कापडाची त्यांनी एक पिशवी शिवली, फोन तिच्यात घातला आणि पिशवी गळ्यात. डोळे बरे झाले, चष्मा आला, पण डायरी परत उघडली नाही. सकाळी उठल्यापासून दिवा मालवेपर्यंत बाय त्याला सांगत असायच्या. काय खाल्लं, कोण आलं, कोणाला किती गुण दिले. मी मोटार बंद करायला विहिरीवर जायची तेव्हा केळीच्या मागून ऐकू यायचं, "लिही. नऊ वाजून पाच मिनिटं. भावजयीने मिरच्या झाकणाशिवाय वाळत घातल्या आहेत." मला माझी जुनी वही आठवायची. म्हटलं, यांनीही आता पुरावा गोळा करायला घेतला, फक्त पन्नास वर्षं उशिरा.

ऑपरेशननंतर महिनाभर त्यांच्या डोळ्यांत थेंब मी घालत होते. दिवसातून चार वेळा. शेवटच्या दिवशी त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "चला, तुझं सुटलं." पुढच्या आठवड्यात त्यांनी चांदीपच्या बाजूला, शेतांमध्ये, मठातल्या सिस्टर लोकांनी चालवलेल्या वृद्धांच्या घराचा अर्ज मागवला. मला सांगितलं ते असं. "मी कोणाच्या गळ्यात पडणार नाही. मला सवय नाही, म्हणजे मला कुठेही राहता येतं." मी म्हटलं, "जा की. हवा चांगली आहे तिकडची." आम्ही दोघींनी मिळून आयुष्यात एवढं एकच काम एकजुटीने केलं आहे: मनातलं बोलायचं नाही. तिथली खोली रिकामी व्हायला सहा-सात महिने गेले, मग अर्ज आला. त्यात सातवं कलम होतं, दैनंदिन सवयी, असल्यास. ते 'असल्यास' बायना इतकं आवडलं की त्यांनी त्या अर्जाला भरण्याआधीच आठ गुण दिले.

रविवारची दुपार होती. बायच्या ओट्यावर नात पेन घेऊन बसली होती, मी वाल सोलत होते. बायनी पिशवीतून फोन काढून मांडीवर ठेवला. त्यांचा विचार असा, की आपण म्हणालो तर आत्मस्तुती होईल, त्यापेक्षा आठ महिने सगळं ऐकलेल्या साक्षीदाराने सांगावं. "सातवं कलम," त्या म्हणाल्या. "दैनंदिन सवयी. सांग, एकही नाही."

तो म्हणाला, "तुम्ही मला दिलेल्या नोंदींवरून तसं म्हणणं बरोबर होणार नाही. ज्या दिसतात त्या सांगू का?"

"सांग," बाय म्हणाल्या. "खोटं मला चालत नाही."

आणि तो सांगू लागला. त्याचा आवाज अगदी सपाट, हजेरी घेतल्यासारखा. म्हणाला, तुम्ही रोज सकाळी नऊच्या सुमारास कुंपणाजवळ जाता आणि भावजयीची एक चूक दाखवता. रविवारी हे देवळातल्या मिस्साहून आल्यावर होतं. भावजय तापाने झोपून होती त्या चार दिवसांत तुम्ही एकही चूक दाखवली नाही, मात्र मला दर तासाला ताप किती असला तर चिंता करावी हे विचारलं. दुपारी तिच्याकडून डबा आला की मीठ कमी आहे असं सांगता, नंतर डबा रिकामा झाल्याची नोंद असते. संध्याकाळी माळेची प्रार्थना सुरू करायला सात वाजता बसता, पण पलीकडच्या घरातून आवाज आल्याशिवाय सुरू करत नाही. चार वाजून पन्नास मिनिटांपासून मला वेळ विचारता, बहुतेक तीनदा. सव्वापाचला भावजय चहा घेऊन येते. मी कोणाची वाट बघत नाही, हे वाक्य तुमच्या नोंदींत वारंवार येतं, आणि ते बहुधा पाच वाजून दहा मिनिटांनी येतं.

नातीचं पेन थांबलं होतं. मी वालाचं एकच बिरडं पुन्हा पुन्हा सोलत होते, आतलं सोलून झालं होतं तरी. बायचे कान लाल झाले. मला वाटलं, आता फोन बावखलात जातो. पण चौतीस वर्षांची शिक्षिका अशी हरत नाही. त्या माझ्याकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ही कॉपी आहे."

"कसली कॉपी?"

"तू याच्याशी बोलली आहेस. दोन पेपरांत सारखी उत्तरं आली की बाईंना कळतं."

मी म्हटलं, "बाय, माझ्या नातीची शपथ, मी तुमच्या फोनला हात लावला नाही." नात म्हणाली, "आजी, माझी शपथ कशाला, सरळ सांग ना." बायनी मला शपथ घेतल्याचे दोन गुण तिथेच कापले.

मग त्यांनी आठ दिवसांची परीक्षा जाहीर केली. आठ दिवस प्रत्येक गोष्ट वेगळ्या वेळी करायची आणि या विद्यार्थ्याला खोटं पाडायचं. सोमवारी सकाळी नऊ वाजता मी कपडे वाळत घालत होते. बाय आपल्या ओट्यावर दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसल्या होत्या. माझ्या हातात चादर होती, तिची किनार मातीला लागत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दाढ ठणकत असल्याची कळा होती. पण बोलल्या नाहीत. अकरा वाजता कुंपणाशी आल्या, काही वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ऊन आहे." मी म्हटलं, "आहे." त्या परत गेल्या. चहा तीन वाजताच स्वतः करून प्यायल्या, त्यामुळे सव्वापाचला मी नेलेला चहा मलाच प्यावा लागला, आणि दोन कप चहाने मला पित्त झालं. डबा उघडला, मिठाबद्दल अवाक्षर नाही. बुधवारी मी खरंच मीठ विसरले होते. तेही त्यांनी खाल्लं. आठव्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम ओट्यावर बोलावलं आणि फोनला विचारलं, "या आठवड्यात माझ्या किती सवयी दिसल्या?"

तो म्हणाला, "आधीच्या बऱ्याच नोंदी दिसत नाहीत. एक नवी दिसते. रोज सकाळी तुम्ही मला नऊ वाजले का असं विचारता, आणि मग नऊ वाजून गेले का असं विचारता."

बायनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "नऊ गुण." एखाद्याला नऊ मिळालेले मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या नवऱ्याला त्याच्या लग्नात साडेसात मिळाले होते, आणि त्यातला अर्धा सुटाचा होता.

अर्ज त्यांनी खरा भरला. त्या कलमात नातीने फोनने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लिहिलं, जागा पुरली नाही म्हणून मागच्या पानावर गेली, आणि बायनी खाली सही केली. अर्ज गेला. मी इकडे त्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे धुऊन इस्त्री करायला घेतले, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. आठवड्याने तिथल्या सिस्टरांचा फोन आला. त्या बायच्या जुन्या विद्यार्थिनी निघाल्या. आमच्या भागात पन्नाशीच्या पुढचं कोणीही बायचं विद्यार्थीच निघतं. फोनचा आवाज मोठा होता आणि मी अभ्रे द्यायला दारातच उभी होते.

"टीचर, तुमचा अर्ज वाचला," सिस्टर म्हणाल्या. "खोली आहे, बाग आहे, रोज मिस्सा आहे. फक्त सातव्या कलमात अडचण आहे. त्यातली एकही सोय आमच्याकडे नाही."

"म्हणजे मी नापास," बाय म्हणाल्या.

"नाही हो टीचर. निकाल राखून ठेवलाय. तुमच्या भावजयीचाही अर्ज आला तर बघू, दोन खाटांची एक खोली आहे."

बायनी फोन ठेवला. मला म्हणाल्या, "अभ्रा उलटा इस्त्री केला आहेस." मी म्हटलं, "बघू." घडी उलगडून बघितला. सुलटा होता. त्या दिवसापासून चांदीपचं नाव निघालं नाही.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण त्या यंत्राने एक काम करून ठेवलं होतं, ते अर्ज बाजूला ठेवल्याने मिटणारं नव्हतं. बाय राहिल्या, पण त्यांना आता कळलं होतं. सकाळी नऊला त्या कुंपणाशी यायच्या, माझ्याकडे बघायच्या, तोंड उघडायच्या, आणि मध्येच काहीतरी आठवल्यासारख्या थांबायच्या. चोरी करताना पकडल्यासारख्या परत जायच्या. पाच वाजता वेळ विचारायच्या नाहीत, पण विचारत नाही आहोत हे त्यांच्या मानेवर दिसायचं. आपण कसे आहोत ते आपल्याला कोणी नेमकं सांगितलं, की तसं असणं अवघड होऊन बसतं. मला हे माहीत होतं. लग्नाला दोन वर्षं झाली असतील, नवरा एकदा सहज म्हणाला, "तू मासे साफ करताना गुणगुणतेस ते छान वाटतं." चोवीस वर्षांच्या त्या शहाणीला वाटलं, हा आपल्याला चिडवतो आहे. मी म्हटलं, मी कुठे गुणगुणते. आणि त्या दिवसापासून ओठ मिटून मासे साफ केले. पुढे कधीतरी त्याने विचारलं, "हल्ली गात नाहीस?" तोवर पुन्हा सुरू करायला गेलं तर ते मुद्दाम केल्यासारखं व्हायचं. सूर गेला तो गेलाच. कोणता सूर होता तेही आता आठवत नाही, आणि ज्याला विचारावं तो नाही.

म्हणून मी एक उद्योग सुरू केला. रोज सकाळी नऊला मी एक चूक करते. चांगली, उठून दिसणारी. कधी चादर उलटी घालते. कधी कच्ची पपई काढून पायरीवर ठेवते. एकदा सोनचाफ्याच्या मुळाशी कोळंबीच्या साली टाकल्या आणि वर माती न घालता नुसतीच बघत उभी राहिले. अशी चूक समोर आली की बाय घड्याळ विसरतात, यंत्र विसरतात, आणि शाळेच्या मराठीत सुरू होतात. पाच मिनिटं, कधी सात. गाल जरा तांबूस होतात, परत जाताना चाल हलकी असते. फक्त मोटारीची चूक मी मुद्दाम करत नाही. विहिरीचं पाणी खेळायला घ्यायचं नसतं, हे बायनीच मला शिकवलेलं आहे, पहिल्याच महिन्यात, चारचौघांत. परवा त्या फोनला सांगत होत्या, "लिही. भावजयीच्या चुका अलीकडे फार वाढल्या आहेत." मी केळीमागे तोंडावर पदर धरून हसले. वाटलं, नऊ गुणांच्या विद्यार्थ्याला फसवलं मी.

गेल्या गुरुवारी मात्र मी मोटार चालू ठेवून घरात आले आणि साफ विसरले. कशाने ते सांगता येणार नाही. खिडकीशी बसून होते, बहुतेक नुसतीच. भानावर आले तेव्हा विहिरीवर धावले. आळी भरून पाणी वाटेवर आलं होतं, केळीची पानं तरंगत होती, आणि मोटार बंद होती. बटणाजवळ बाय उभ्या होत्या, पातळ घोट्यापर्यंत भिजलेलं. नऊ वाजून गेले होते. मी म्हटलं, "बाय, विसरले हो मी." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण गुण द्यायच्या नजरेने नाही. म्हणाल्या, "चल, चहा टाकते." पाण्यातून जाताना माझा हात धरला आणि दारापर्यंत सोडला नाही. त्यांच्या गळ्यात पिशवी नव्हती. फोन आत टेबलावर ठेवून, त्याच्या कानावर काही जाऊ नये म्हणून दार ओढून घेऊन, त्या बाहेर आल्या होत्या.

म्हणजे मुद्दामच्या उलट्या चादरी कोणत्या आणि खरं विसरणं कोणतं, हे त्यांना रोज सकाळी कळत होतं. शुक्रवारी मी नऊला अभ्रा उलटा वाळत घातला. बाय कुंपणाशी आल्या, पिशवी गळ्यात होती, आणि पूर्ण सात मिनिटं बोलल्या.